ए आणि एन यांच्यामधला आय

नव्या लॅपटॉपवर प दाबला की ह उमटत होता. मी गेली वीस वर्षं इनस्क्रिप्ट या देवनागरी कळरचनेवर टंकते. कळा बोटांना पाठ आहेत, त्यामुळे टंकताना मी पडद्याकडे बघतच नाही. चार ओळी झाल्यावर मान वर केली तर तिथे मराठीच्या नावाखाली काहीतरी अघोरी चाललं होतं.

भाची पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, तुझ्याकडून लेआउट चुकीचा निवडला गेलाय. थांब, तुला एक गंमत दाखवते." माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली आहे; तिच्यावर कळफलकाचं काम बघणाऱ्या लायब्ररीबरोबर, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडबरोबर, तपासणीची एक आज्ञा येते. ती चालवून ठेवली की आपण दाबू त्या कळीची सगळी कुंडली पडद्यावर मांडली जाते. इंग्रजी एच लिहिलेली कळ मी दाबली. लिनक्सच्या गाभ्यात तिचा आकडा ३५. वरची एक्सकेबी नावाची व्यवस्था त्यात ८ मिळवून ४३ करते, कारण जुन्या एक्स विंडो प्रणालीत ८ च्या खालचे आकडे कळांना द्यायचेच नाहीत असं ठरलेलं होतं. मग ४३ ला जागेचं नाव मिळतं, एसी०६: स्पेसबारची रांग पहिली धरली तर खालून तिसरी रांग, आणि तिच्यातली डावीकडून सहावी अक्षरकळ. आता त्या जागेवर प आहे की ह, हे निवडलेला लेआउट, म्हणजे आराखडा, सांगतो. मी यादीत कगप नावाचा, उच्चारावर चालणारा मराठी आराखडा निवडून बसले होते. त्यात एचच्या जागी ह, इनस्क्रिप्टमध्ये प. यादीत एक ओळ बदलली आणि दुखणं मिटलं.

पण मला त्या कुंडलीचं वेड लागलं. एका कळीमागे एवढा व्याप? भाचीनं लायब्ररीचा सोर्स कोड कुठे उघडायचा ते दाखवलं. सी भाषा मला येत नाही. मात्र कोडच्या मध्येमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या कॉमेंट असतात, त्या साध्या इंग्रजीत. त्या मी वाचत सुटले. तिसऱ्या की चौथ्या फाइलमध्ये 'मॉडिफायर' हा शब्द आला. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट या कळांना म्हणतात तो. त्यातला एफ नंतरचा आय गळला होता.

मी पोटासाठी मुद्रितं तपासते. दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकांची गाइडं, सहकारी बँकांचे अहवाल, काय येईल ते. १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार नियम झोपेत विचारले तरी सांगेन. गळलेला आय दिसल्यावर मला पुढचं काही वाचता येईना. दाताच्या फटीत बडीशेप अडकावी तसं.

"मग पॅच, म्हणजे दुरुस्ती, पाठव की," भाची म्हणाली. "ओपन सोर्स आहे. कोणीही पाठवू शकतं."

लायब्ररीचं नाव घेत नाही. शुद्धलेखनावरून दुसऱ्याचं नाव घ्यावं इतकं माझं इंग्रजी धुतलेलं नाही, आणि चुका मूठभरच होत्या. आमच्याकडच्या पहिल्या प्रुफाला त्या लोकांनी मुजरा केला असता.

भाचीनं आधी एक तंबी दिली. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट नावाच्या उपक्रमात टी-शर्ट मिळायचा म्हणून हजारो लोकांनी कुठल्या कुठल्या प्रकल्पांमध्ये एखादा शब्द इकडचा तिकडे करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशा विनंत्या, पाठवल्या. प्रकल्प सांभाळणारी मेंटेनर मंडळी इतकी वैतागली की आयोजकांना नियम बदलावा लागला, आणि जे प्रकल्प स्वतःहून हो म्हणतील तेच उपक्रमात धरायचे असं ठरलं. "म्हणजे एका आयसाठी त्यांच्या दारात जाऊ नकोस," ती म्हणाली. "सगळं एकदा नीट तपास आणि एकगठ्ठा पाठव." हे मला पटलं. मीही संपादकाला दर चुकीला फोन करत नाही.

पहिली संध्याकाळ नुसती मांडामांडीत गेली. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या हत्यारानं सगळा कोड उतरवून घेतला, आपली वेगळी शाखा, म्हणजे बदलांसाठी स्वतंत्र प्रत, काढली, मेसन आणि निंजा या दोन हत्यारांनी त्याचा चालणारा प्रोग्राम बांधून पाहिला, चाचण्या चालवल्या. हात लावण्याआधी चाचण्या हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, आहेत याची खात्री करून घे, नाहीतर नंतर लाल काय तुझ्यामुळे झालं आणि काय आधीपासून होतं ते कळणार नाही, असं भाचीनं बजावलं होतं. सगळं हिरवं होतं.

मग कोडस्पेल. हे हत्यार मला मनापासून आवडलं, कारण त्याची अक्कल माझ्या धंद्यातली आहे. वर्डमधला स्पेलचेकर काय करतो? त्याच्या कोशात नसलेला प्रत्येक शब्द चूक ठरवतो. कोडवर तो सोडला तर पान लाल रेघांनी भरून जाईल, कारण कोडमधले निम्मे शब्द कुठल्याच कोशात नसतात. कोडस्पेलकडे बरोबर शब्दांचा कोशच नाही. त्याच्याकडे नेहमीच्या चुकांची यादी आहे: डावीकडे चुकीचा शब्द, मध्ये बाण, उजवीकडे दुरुस्ती. यादीत असेल तेच तो दाखवतो. आमच्याकडे जुने मुद्रितशोधक वहीच्या मागच्या पानावर अशीच यादी ठेवायचे. माझ्या वहीत अजून आहे, त्यात 'आर्शीवाद' आणि 'पारंपारिक' सगळ्यात वर.

तरी पहिल्याच फेरीत त्यानं भरपूर खोट्या चुका आणल्या. 'एफओ' हे त्याला 'ऑफ' किंवा 'फॉर' हवं होतं, 'बीए' म्हणजे 'बाय' किंवा 'बी', 'टीई' म्हणजे 'द' किंवा 'टू'. कळफलकाच्या लायब्ररीत देशांची आणि भाषांची दोन अक्षरी नावं जागोजागी असणारच. एफओ म्हणजे फेरो बेटं, बीए म्हणजे बोस्निया, टीई म्हणजे आपली तेलुगू. हत्याराला सगळं आपोआप दुरुस्त कर असं सांगता येतं. एकाहून जास्त पर्याय असले की ते तिथे हात लावत नाही, पण एकच पर्याय असेल तिथे न विचारता बदलून मोकळं होतं. मी प्रश्न विचारत जाणारा प्रकार निवडला, आणि असे शब्द वगळायच्या यादीत घातले.

पुढचे चार दिवस, रात्रीचं जेवण झाल्यावर तासभर, एकेक ठिकाण बघत गेले. इथे मला पहिल्यांदा कळलं की एकाच फाइलमध्ये चार जातींचा मजकूर असतो आणि चारींचे कायदे वेगळे. फंक्शनच्या, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, पोटातली कॉमेंट कशीही बदला, यंत्राला पत्ता लागत नाही. कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर ती वाचतच नाही. हेडर, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामना लागणारी नावं ज्यात असतात त्या फाइलमधल्या काही कॉमेंट मात्र डॉक्सिजन नावाचं हत्यार उचलतं आणि त्यांचं माहितीपुस्तक करतं, म्हणजे तिथली चूक छापून येते. तिसरी जात अवतरणचिन्हातल्या संदेशांची, प्रोग्राम अडला की पडद्यावर येतात ते. त्यात 'ऑकर्ड' या शब्दात दोन आरच्या जागी एक होता. मी दुरुस्त केला आणि एक चाचणी लाल झाली. त्या चाचणीत तोच संदेश, तीच चूक, अक्षरशः लिहून ठेवली होती आणि दोन्ही जुळतात का एवढंच ती बघत होती. दोन्हीकडे दुरुस्त केल्यावर पुन्हा हिरवी. चौथी जात सगळ्यात वर, परवान्याचा मजकूर आणि लिहिणाऱ्यांची नावं. तिथे बोट लावायचं नाही. हे मला कोणी सांगावं लागलं नाही. न्यायालयीन नोटिशीच्या प्रुफात आम्ही अशिलाच्या नावाचा ऱ्हस्वदीर्घ बदलत नाही.

ब्रिटिश स्पेलिंगलाही मी हात लावला नाही. 'बिहेव्हिअर' काही ठिकाणी यू घालून, काही ठिकाणी यूशिवाय. दोन्ही बरोबर आहेत, आणि वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी लिहिलंय. एकसारखं करावंसं फार वाटलं, आवरलं.

आणि जोडशब्द. इंग्रजीत 'द द' असं दोनदा पडलं की ती हमखास चूक, विशेषतः एक 'द' ओळीच्या शेवटी आणि दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असेल तर कोणाच्याच डोळ्याला दिसत नाही. कोडस्पेल शब्द सुटा बघतो, त्यालाही नाही. मी ओळींचे शेवट आणि सुरुवाती बोट ठेवून वाचल्या. दोन सापडले. मराठीत असलं हत्यार कोणी केलं तर 'हळू हळू', 'घरी घरी' आणि 'लाल लाल' म्हणत बसेल बिचारं.

चौथ्या रात्री हेडर फाइल उघडली, ज्यात कळांवरच्या चिन्हांची नावं आणि त्यांचे आकडे एकाखाली एक दिलेले आहेत. हजारो ओळी. कोडस्पेलनं तिथे काहीच दाखवलं नव्हतं. मी सहज खाली सरकत गेले आणि सिरिलिक, म्हणजे रशियन-युक्रेनियन लिपीच्या, अक्षरांशी थबकले. 'युक्रेनियन' हा शब्द. स्पेलिंगमध्ये ए आणि एन यांच्यामधला आय नाही! एकदा नाही, सहा ओळींत. हत्याराच्या नजरेतून सुटलेलं मला सापडलं याचा जो आनंद झाला तो लपवत नाही. एडिटरमध्ये 'सगळीकडे बदला' दाबलं. सहा दुरुस्त्या. कोड बांधला, कंपायलर चकार शब्द बोलला नाही. चाचण्या हिरव्या. सगळं मिळून एक कमिट, म्हणजे बदलांचा एक नोंदवलेला गठ्ठा, केला, वर 'कॉमेंटमधल्या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या' असं लिहिलं, पुल रिक्वेस्ट पाठवली आणि झोपले.

दोन दिवसांनी मेंटेनरचं उत्तर आलं. कॉमेंटच्या दुरुस्त्यांबद्दल आभार. पण युक्रेनियनच्या सहा ओळी कॉमेंट नाहीत, त्या परत पहिल्यासारख्या करा, त्यांच्या शेजारची ओळ बघा. आणि ही फाइल हातानं लिहिलेली नाही.

शेजारची ओळ बघितली आणि कान गरम झाले.

त्या यादीत योग्य स्पेलिंगची ओळ आधीपासूनच होती. युक्रेनियन 'आय' या अक्षराला ०६ए६ हा सोळा-आधारी आकडा, स्पेलिंग बिनचूक. तिच्या लगेच खाली तोच आकडा, तेच नाव, फक्त तो एक आय गळलेला, आणि शेवटी बारीक कॉमेंट: 'डेप्रिकेटेड'. म्हणजे वापरातून काढलेलं, पण ठेवलेलं. कधीतरी कोणीतरी जगात पहिल्यांदा ही यादी करताना आय गाळला. पुढे चूक लक्षात आली तोवर त्या चुकीच्या नावानं लोकांनी प्रोग्राम लिहिले होते, आपल्या कळफलकाचे आराखडे लिहिले होते. मग योग्य नाव नव्यानं दिलं आणि जुनं चुकीचं तसंच शेजारी बसवलं, जुन्या लोकांची घडी मोडू नये म्हणून. छोटी लिपी, मोठी लिपी मिळून तीन अक्षरांची सहा जुनी नावं. मी ती सहाही पुसली होती.

मग कंपायलर का नाही ओरडला? भाचीनं उलगडून सांगितलं. सी भाषेत एकच नाव दोनदा दिलं आणि दोन्ही वेळा आकडा तोच असला तर ती तक्रार करत नाही. माझ्या दुरुस्तीनंतर 'आय' आणि 'यी' या अक्षरांच्या दोन-दोन ओळी हुबेहूब एकसारख्या झाल्या, त्यामुळे सगळं शांत. तिसऱ्या अक्षराची तऱ्हा आणखी वेगळी: त्याच्या जुन्या नावात स्पेलिंगखेरीज शेवटही वेगळा होता, जुन्यात 'जेई' आणि नव्यात 'आयई'. तिथे मी आय घालून जे नाव तयार केलं ते जगात कुठेच नव्हतं. जुनं मारलं, नवं जन्माला घातलं, आणि तक्रार करणारं कोणी नाही, कारण लायब्ररीच्या आत ती जुनी नावं कोणी वापरतच नाही. वापरतात बाहेरचे लोक. तुटलं असतं ते त्यांचं, कुठल्यातरी महिन्यात, कुठल्यातरी गावात.

आणि कोडस्पेलच्या नजरेतून ते सुटलं नव्हतंच. अधोरेषांनी जोडलेले शब्द तो एकच लांब शब्द धरतो. 'एक्सकेबी अधोरेषा की अधोरेषा युक्रेनियन अधोरेषा आय' हा सगळा मिळून एक शब्द, आणि तसला शब्द त्याच्या यादीत नाही. हे कॉमेंटमधलं वाक्य नसून कोणाचंतरी नाव आहे, हे त्याला न कळताही त्यानं नेमकं वागून दाखवलं. वीस वर्षं अशिलांची नावं न बदलणारी मी मात्र तिथे धडपडले.

हातानं न लिहिलेली फाइल म्हणजे काय, तेही समजलं. एक्सच्या मूळ यादीवरून एक छोटी स्क्रिप्ट ही हेडर फाइल तयार करते. माझी दुरुस्ती पुढच्या खेपेला आपोआप पुसली गेली असती. आमच्या भाषेत, मी मूळ प्रत सोडून तिसऱ्या झेरॉक्सवर खुणा करत होते.

पुन्हा कामाला बसण्याआधी ती यादी मी एकदा नुसती वाचायला म्हणून वाचली. फ्रेंचमध्ये वाक्य ज्या दुहेरी कोनी अवतरणचिन्हांत घालतात त्यांना गिलमेट म्हणतात. यादीत त्यांचं जुनं नाव आहे 'गिलमॉटलेफ्ट' आणि 'गिलमॉटराइट'. शेवटच्या टीच्या आधी ई हवा तिथे ओ. गिलमॉट हा उत्तरेकडच्या समुद्रावरचा एक काळापांढरा पक्षी आहे. अडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेतल्या चिन्हांच्या नावांतही हीच चूक आहे, तीही तशीच राहिली. म्हणजे जगभरच्या फाँटमध्ये वाक्याच्या डाव्या अंगाला एक पक्षी आणि उजव्या अंगाला एक पक्षी.

आपल्या अक्षरांची नावं शोधली. नाहीत. ग्रीक, सिरिलिक, अरबी, हिब्रू, थाई यांना जुन्या यादीत नावं मिळाली, देवनागरीला नाही. आपला प तिथे नुसता युनिकोडचा, म्हणजे जगभरच्या अक्षरांच्या सामाईक यादीतला, क्रमांक म्हणून वावरतो, यू आणि पुढे ०९२ए. ज्याच्या डोक्यावर कायम अर्धचंद्र द्यावा लागतो तो आपला ॲ, युनिकोडमध्ये २००८ साली आला, तोही ०९७२ म्हणूनच. आधी जरा वाईट वाटलं. मग लक्षात आलं की नावच नाही तर कोणी आय तरी कुठून गाळणार.

दुसऱ्या खेपेला काम माणसासारखं केलं. गिटमध्ये फरक शब्दाशब्दाने दाखवायची सोय आहे: काढलेला शब्द चौकटी कंसात वजा चिन्हासह, घातलेला महिरपी कंसात अधिक चिन्हासह. ते बघताच मला एकदम घरी आल्यासारखं झालं, कारण ते चक्क प्रूफ होतं. सगळे फरक कागदावर छापून घेतले (भाची हसली, हसू दे) आणि लाल पेनानं एकेक टिक करत गेले. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: हे वाक्य आहे की नाव? मग तीन कमिट केले. एकात नुसत्या आतल्या कॉमेंट, दुसऱ्यात माहितीपुस्तकात जाणाऱ्या, तिसऱ्यात तो एक संदेश आणि त्याची चाचणी. हेडरची फाइल जशी होती तशी. उत्तर त्याच संध्याकाळी आलं, एका शब्दाचं, आणि तिन्ही कमिट मुख्य शाखेत गेले.

एक कॉमेंट मात्र मी बाजूला ठेवली होती. एका फंक्शनच्या वर लिहिलं होतं की काम फसलं तर हे उणे एक परत देतं, 'अदरवाइज' शून्य. या 'अदरवाइज'मधला आर गळला होता. आर घालायला गेले आणि खाली सहज बघितलं तर फंक्शन उणे एक देतच नव्हतं. खरं की खोटं एवढंच सांगत होतं. सी मला येत नाही, तरी 'ट्रू' आणि 'फॉल्स' वाचता येतं. कधीतरी कोड बदलला आणि वरची कॉमेंट तशीच राहिली असणार. कोणी तिच्यावर विश्वास ठेवून उणे एकची वाट बघत बसला असता तर त्याला फसलेलं काम कधी दिसलंच नसतं. नुसता आर घातला असता तर खोटं वाक्य शुद्ध झालं असतं. असं प्रुफात रोज होतं: तारखेचा अनुस्वार दुरुस्त करायला जावं आणि तारीखच चुकीची निघावी.

दुरुस्ती करण्याची माझी योग्यता नाही, म्हणून तीन ओळींचा प्रश्न लिहिला. कॉमेंट असं म्हणते, कोड असं करतो, यातलं खरं कोणतं? तीन ओळींना मला दीड तास लागला. चार वेळा भाचीला वाचून दाखवल्या. आठवड्यानं उत्तर आलं. कोड बरोबर आहे, कॉमेंट जुनी आहे, आणि फंक्शनचा प्रकार बघूनच ते काय परत देतं हे कळतं, तेव्हा कॉमेंटची गरजच नाही.

त्यांनी ती ओळ काढून टाकली, गळलेल्या आरसकट.